मिठाला जागणारी ग्रंथी

गळ्यातील एका लहानशा ग्रंथीविषयी बोलायला एखाद्या डॉक्टरांऐवजी कामगार संघटनेचा कार्यकर्ता का उभा केला, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. आमच्याही मनात तो आला होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. त्यानंतर जे काही शिकलो ते भोसरीच्या वर्कशॉपात, गेटसभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या विषयातील अज्ञानाने आमच्या हातून एक मोठी चूक घडली, तो विषय समजून घेणे आम्हाला भागच होते. आणि समजले तेवढे चार माणसांत सांगणे हेही कर्तव्यच आहे. एवढ्याच भांडवलावर हे व्याख्यान उभे आहे.

ती चूक आधी सांगून टाकतो. चाकण भागातल्या एका कारखान्यात मोटारीच्या वायरिंगच्या लाइनवर एक भगिनी ठेकेदारामार्फत कामाला होत्या. हात चलाख, बोलणे चलाख, हजेरी चोख. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या कामावर परतल्या आणि काही महिन्यांत सारेच बदलले. दिलेला आकडा पाळी संपेपर्यंत पुरा होईना. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आवाज घोगरा झाला, वजन वाढले. वैशाखात बाकीच्या बाया पदराने वारा घेत असता या स्वेटर घालून बसत. सुपरवायझरने दोनदा मेमो दिला. प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा आम्ही काय केले? आम्ही त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "ताई, जरा हात चालवा. अशाने तुमची बाजू मांडायला आम्हाला तोंड राहत नाही." त्या म्हणाल्या, "भाऊ, मन पुढे जातं, पण हात मागं राहतो." आम्ही ते सबब म्हणून ऐकले आणि विसरलो. पुढे ठेकेदाराने त्यांचे काम बंद केले. त्यानंतर महिन्याभराने एका सार्वजनिक रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गळा चाचपला, घोट्यामागच्या शिरेवर हलकेच हातोडी मारली, पाऊल किती सावकाश मागे येते ते पाहिले आणि रक्त तपासायला पाठवले. त्यांची थायरॉईड ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. "मन पुढे, हात मागे" हे त्या रोगाचे अचूक वर्णन होते, आणि ते ऐकणारा माणूस बहिरा निघाला होता.

आता या ग्रंथीची ओळख करून घेऊ. मानेच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराने पंख पसरावेत अशा आकाराची ही ग्रंथी असते. तिचे वजन पंधरा-वीस ग्रॅम. मराठीत तिला अवटु ग्रंथी असे नाव दिले गेले आहे. परंतु दवाखान्यात सर्वत्र थायरॉईड हाच शब्द चालतो, म्हणून आम्हीही तोच वापरू. शरीरात दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. घामाची किंवा लाळेची ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर सोडते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळी नसते. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात, आणि रक्त तो साऱ्या देहात पोहोचवते. अशा रसाला 1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने हॉर्मोन हे नाव दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. संप्रेरक स्वतः काही उचलत नाही की हलवत नाही. ते निरोप्याचे काम करते. कोणी किती वेगाने काम करावे, हा निरोप ते पेशीपेशीला पोहोचवते.

थायरॉईडचा निरोप हा साऱ्या शरीराच्या चालीविषयीचा असतो. हृदयाने मिनिटाला किती ठोके द्यावेत, आतड्याने अन्न किती वेगाने पुढे सरकवावे, अंगात ऊब किती राहावी, विचार किती झरझर चालावा, हे सारे तिच्या रसावर अवलंबून असते. तो रस कमी पडला म्हणजे थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, स्त्रियांची मासिक पाळी बिघडते, आणि माणूस आळशी ठरतो. रस जास्त झाला म्हणजे उलट घडते: छाती धडधडते, हात थरथरतात, भूक लागूनही वजन उतरते, झोप उडते आणि माणूस तापट ठरतो. कारखान्यात हे दोन्ही शब्द, आळशी आणि तापट, मेमोमध्ये फार लवकर लिहिले जातात.

या ग्रंथीचे नियमन कसे होते, हे आपल्या पट्ट्यातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. एअर कॉम्प्रेसर आपण सर्वांनी पाहिला आहे. टाकीतला दाब कमी झाला की स्विच मोटर चालू करतो. दाब भरला की मोटर बंद होते. शरीरात रक्त ही टाकी, थायरॉईडचा रस हा दाब आणि मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी हा स्विच. रक्तातला रस कमी झाला की पिच्युटरी एक इशारा सोडते. त्या इशाऱ्याचे नाव टी.एस.एच. रस पुरेसा झाला की इशारा मंदावतो. म्हणून तपासणीच्या कागदावर टी.एस.एच.चा आकडा वाढलेला दिसला तर ग्रंथी जोरात चालली आहे असे नव्हे. ती मागे पडली आहे आणि वरून तिला ओरडा बसतो आहे, असा त्याचा अर्थ. मोठ्या माणसात हा आकडा साधारणपणे 0.4 ते 4 च्या दरम्यान असतो. आमच्या त्या भगिनींचा शंभराच्या वर होता.

रस तयार करायला ग्रंथीला एक कच्चा माल लागतो, तो म्हणजे आयोडीन. मोठ्या माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लक्ष भागांपैकी दीडशे भाग. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी तो चार ग्रॅमच्या आत बसतो. एवढ्याशा वस्तूवाचून माणसाच्या देहाचे आणि बुद्धीचे केवढे नुकसान होते, हे कळायला मात्र जगाला फार वर्षे लागली. ते कसे कळले, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. कारण ते पुस्तकात बसून कळलेले नाही. आजारी माणसांवर आणि निरोगी माणसांवर, त्यांच्या मदतीने आणि कधी त्यांच्या नुकसानीने, ते कळले आहे. यालाच रुग्णावरील संशोधन म्हणतात.

पहिला धडा नुकसानीचा आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील कोखर हे शल्यवैद्य गलगंड कापून काढण्यात निष्णात होते. काही रुग्णांची त्यांनी पुरी ग्रंथीच काढली. पुढे त्यांनीच या रुग्णांना परत बोलावून पाहिले तेव्हा अनेकजण सुजलेले, मंद आणि थंड पडलेले आढळले. 1883 साली त्यांनी ही गोष्ट न लपवता सर्वांसमोर मांडली. ग्रंथी निरुपयोगी नाही, हे त्यांच्या चुकीतून सिद्ध झाले. 1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकेच आम्हाला त्या कबुलीचे मोल वाटते. आपल्या हातून बिघडलेले काम परत मागवून तपासणारा कारागीर विरळा असतो.

दुसरा धडा आशेचा. 1891 साली इंग्लंडमध्ये मरे नावाच्या तरुण डॉक्टराने या रोगाने आजारी असलेल्या 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून दिला. ती सुधारली, आणि असेच उपचार घेत आणखी 28 वर्षे जगली. तेवढ्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढे 1914 साली केंडॉल यांनी त्या रसातले मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळे काढले. आज तेच द्रव्य कारखान्यात बनते. रोजची 100 मायक्रोग्रॅमची एक गोळी धरली तर एक ग्रॅम द्रव्य एका माणसाला सत्तावीस वर्षे पुरते.

तिसरा धडा कामगारांच्या गावातला आहे, म्हणून तो आम्हाला विशेष जवळचा. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन हे शहर टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. त्या भागातल्या मुलींमध्ये गलगंड फार. 1917 पासून डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी तिथल्या शाळांतील मुलींना वर्षातून दोनदा काही दिवस आयोडीनचे क्षार दिले. ज्यांनी औषध घेतले अशा 2,190 मुलींपैकी फक्त 5 मुलींना नव्याने गलगंड झाला. ज्यांनी घेतले नाही अशा 2,305 मुलींपैकी 495 जणींना झाला. या आकड्यांनंतर वाद उरला नाही. इथे एक गोष्ट मनात ठेवावी. औषध घेतलेल्यांचीच नोंद ठेवली असती तर फक्त पाच जणींना रोग झाला एवढेच कळले असते. तो औषधामुळे टळला की आपोआप, हे कळले नसते. न घेणाऱ्यांची नोंद समोर आली तेव्हाच पाच या आकड्याला अर्थ आला. तुलनेचा गट नसेल तर संशोधन नाही. एखाद्या बाबाच्या अंगाऱ्याने दहाजण बरे झाले असे कोणी सांगितले, तर विचारावे की अंगारा न घेतलेले किती बरे झाले?

हाच प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर झाला. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघर होता. 1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवले, तिसऱ्यात साधे मीठ चालू ठेवले. सहा वर्षांनंतर पाहिले तो पहिल्या दोन विभागांत गलगंड निम्म्याच्या आसपास उतरला होता. तिसऱ्यात तो होता तसाच होता. या कामाचा जो प्रबंध 1973 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला, त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही दोन मराठी आडनावे आहेत. याच कामाच्या बळावर 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपण दुकानातून जी मिठाची पुडी आणतो तिच्यात आयोडीन असते, तिची मुळे त्या खोऱ्यातल्या माणसांच्या गळ्यापर्यंत जातात. मिठाला जागणे हा आपल्याकडे इमानाचा शब्द आहे. ही ग्रंथी अक्षरशः मिठाला जागते.

परंतु कामगार चळवळीतल्या माणसाला इथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्या तिसऱ्या विभागातल्या लोकांनी काय केले होते? सहा वर्षे शेजारच्या विभागांत औषधी मीठ जात होते आणि यांच्या वाट्याला साधे. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे की, एखादी गोष्ट देशाच्या परिस्थितीत चालेल की नाही हे खरोखरच ठाऊक नसेल, तर तुलना करणे अन्याय्य नाही. मात्र उत्तर मिळाल्यानंतर एक दिवसही ती तुलना चालू ठेवणे अन्याय आहे. कांगड्यात 1962 साली उत्तर मिळाल्यावर तिसऱ्या विभागालाही आयोडीनचे मीठ दिले गेले. संशोधक आणि ज्याच्यावर संशोधन होते तो माणूस यांच्यातला करार हाच आहे. तुझ्या अंगावरून आम्ही शिकू, आणि शिकलेले आधी तुझ्या कामी आणू.

आता महाराष्ट्राकडे वळू. मुंबईचे परळ म्हटले की आमच्या पिढीला गिरण्यांचे भोंगे आठवतात. त्याच परळमध्ये 1963 साली अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत तयार होणारे किरणोत्सर्गी आयोडीन तिथे रुग्णांच्या उपयोगी पडू लागले. यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. थायरॉईड आयोडीनची भुकेली असते. रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन पाजले की ग्रंथी ते आपणहून ओढून घेते, आणि ते तिच्यात जाऊन बसते. थोड्या मात्रेत दिले तर ग्रंथी किती काम करते ते बाहेरून यंत्राने मोजता येते. अधिक मात्रेत दिले तर माजलेली ग्रंथी किंवा तिचा कर्करोग आतल्या आत जाळता येतो. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते, त्यामुळे काम झाल्यावर ते फार काळ मागे राहत नाही.

परळमध्येच वाडिया बालरुग्णालय आहे. तिथल्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांचे रक्त तपासून जन्मतःच थायरॉईड कमी असलेली मुले शोधण्याचे काम हाती घेतले. त्याचा वृत्तान्त 1987 साली प्रसिद्ध झाला. असे मूल जन्मताना बहुधा इतर मुलांसारखेच दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते शाळेत जाते, शिकते, नोकरी करते. उशीर झाला तर त्याची बुद्धी खुंटते, आणि ती पुढे कोणत्याही औषधाने परत येत नाही. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबई धरून पाच शहरांत लाखाच्या घरात बालके तपासली. 2018 साली आलेल्या त्या अहवालाप्रमाणे सुमारे 1,130 बालकांमागे एकाला हा दोष होता. तपासणी म्हणजे टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब. आपल्या घरात बाळंतपण झाले की बारशाचा मुहूर्त आपण विचारतो, बाळाची टी.एस.एच. तपासणी झाली का, हे विचारायला त्याहून कमी वेळ लागतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे काम थायरॉईडचे नव्हे, इन्शुलिन या दुसऱ्या संप्रेरकाचे आहे. परंतु ते आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांतले असल्यामुळे त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. त्या शेतात राबणाऱ्या, काटक, कमी वजनाच्या बाया होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आश्चर्य पुढे आहे. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. वरून कृश, आतून मेदाळ अशी ही बाळे. मधुमेहाची पायाभरणी अशी आईच्या पोटात होते, हा विचार या खेड्यांतून जगभर गेला. ती मुले आता वयात आली आहेत, आणि अशा गावांतली तरुण पिढीच आज चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत उभी आहे. हे संशोधन त्या आयांनी केले आहे असे आम्ही म्हणतो. वजनकाट्यावर त्या उभ्या राहिल्या, रक्त त्यांनी दिले, घरातले माप त्यांनी दाखवले.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी थायरॉईडची गोळी चालू आहे अशांचे हात वर करायला सांगितले, तर बरेच हात वर येतील. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोवा धरून आठ ठिकाणच्या 5,376 प्रौढांची तपासणी झाली. शंभरात सुमारे 11 जणांची थायरॉईड कमी आढळली. त्यांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला ते ठाऊकच नव्हते. आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. ही पाहणी औषध कंपनीच्या पैशाने झाली होती. म्हणून ती खोटी ठरत नाही. परंतु पैसा कुणाचा हे विचारण्याची सवय मात्र ठेवावी. कारण दुसरीकडे, 2017 साली युरोपातील चार देशांतील 65 वर्षांवरच्या 737 माणसांवरील चाचणीत असे दिसले की, टी.एस.एच. थोडा वाढलेला पण रक्तातला रस पुरेसा असलेल्या म्हाताऱ्या माणसांना गोळी दिल्याने थकवा किंवा इतर त्रास कमी झाला नाही. म्हणजे काहींना गोळीची नितांत गरज असून ती मिळत नाही, आणि काहींना गरज नसता ती वर्षानुवर्षे चालू राहते. आकडा आणि माणूस दोन्ही पाहून निर्णय करणारा डॉक्टर लागतो. आपल्या मनाने गोळी सुरू करू नये, आणि त्याहून महत्त्वाचे, आपल्या मनाने ती बंद करू नये.

पाळीने काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी निराळ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली, टी.एस.एच. दिवसभर सारखा नसतो. रात्री तो चढतो, आणि जागरणात अधिक चढतो. रात्रपाळी करून थेट प्रयोगशाळेत रक्त दिले तर आकडा फुगलेला येऊ शकतो. म्हणून कोणत्या पाळीनंतर रक्त दिले हे डॉक्टरांना सांगावे. दुसरी, गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या असतात. पहाटे पाचला बसची वाट पाहणाऱ्याला हे कसे जमावे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारी एक सुरेख चाचणी हॉलंडमध्ये झाली आणि 2010 साली प्रसिद्ध झाली. संशोधन कसे असावे हे तिच्यावरून समजते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. 105 रुग्णांना रोज दोन गोळ्या दिल्या, एक सकाळी आणि एक झोपताना. त्यांतली एक खरी आणि एक नुसती दिसायला तशी. कुणाला कोणत्या वेळी खरी मिळेल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. रुग्णालाही ते ठाऊक नाही आणि डॉक्टरालाही नाही. तीन महिन्यांनी वेळा उलट केल्या. अखेर पाहिले तो झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या गोळीपेक्षा अंगी थोडी अधिक लागली होती. रुग्णांना त्यामुळे अधिक बरे वाटले असे मात्र दिसले नाही, आणि संशोधकांनी तेही स्पष्ट लिहिले. पाळीवाल्या माणसाने डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर पुरेसे अंतर ठेवून, ही वेळ निवडायला हरकत नाही. गोळीचा परिणाम शरीरात सावकाश स्थिरावतो, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासतात. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून निराश होऊ नये.

आता हक्कांविषयी. औषधाच्या चाचणीत भाग घेण्यासाठी माणसाला विचारले जाते तेव्हा तो बहुधा आजारी, गरजू किंवा आपल्या हाताखालचा असतो. भारतात 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची झाली. 2019 च्या नियमांनी नैतिक समितीची मंजुरी, समजावून घेतलेली लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद केली. वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत नोकरदारांची गणना ज्यांना विशेष संरक्षण हवे अशा लोकांत केली आहे; कारण मालकासमोर दिलेला होकार हा पुष्कळदा होकार नसतो. सहीसाठी पुढे आलेला कागद मराठीत आहे का, तो कोणी वाचून दाखवला का, मधेच बाहेर पडलो तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. आणि या तिन्हींची उत्तरे ठीक असतील तर केवळ भीतीपोटी नाहीही म्हणू नये. कारण कांगड्याच्या आणि ॲक्रनच्या लोकांनी नाही म्हटले असते तर आज आपल्या मिठात आयोडीन नसते.

शेवटी आमची एक मागणी आहे, आणि ती भाषणासाठी केलेली नाही. 1975 साली इजिप्तमधील संशोधकांनी मुलामा देण्याच्या, म्हणजे प्लेटिंगच्या, तीन कारखान्यांतील 36 कामगार तपासले. त्या कामात सायनाइडचे क्षार वापरले जात होते. 36 पैकी 20 जणांची थायरॉईड वाढलेली आढळली. कारण असे की, अंगात गेलेल्या थोड्याथोड्या सायनाइडचे शरीर थायोसायनेट बनवते, आणि ते आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही. तंबाखूच्या धुरातूनही हेच द्रव्य वाढते. आपल्या भोसरी-पिंपरी भागात प्लेटिंगची लहान-मोठी दुकाने थोडी नाहीत. त्यांत कोणी कोणती बाथ वापरतो, हवा खेचणारे पंखे चालतात का, हे तिथे उभ्या असलेल्या पोरांना विचारल्यावाचून कळणार नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बाहेर पडू लागले. ज्या गावाने देशाला औषध बनवून दिले, त्या गावात आज वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे, कामगार विम्याचा दवाखाना आहे. प्लेटिंगच्या कामगारांच्या गळ्यावर हात ठेवून पाहणे आणि तितक्याच दुसऱ्या कामगारांशी त्यांची तुलना करणे, एवढे काम इथे होऊ शकते. गेटवर माणसे जमवण्याचे काम आम्ही करू. ते आम्हाला येते. मात्र निकाल आधी त्या कामगारांना सांगितला जाईल, आणि त्यावरून कोणाचेही काम जाणार नाही, या दोन अटी आमच्या आहेत.

त्या भगिनी सध्या दुसऱ्या एका कारखान्यात आहेत. गोळी सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत त्यांचा आवाज परत आला, हात परत आले. जुने काम परत मिळाले नाही, कारण ज्या महिन्यात भांडायला हवे होते त्या महिन्यात आम्ही भांडलो नव्हतो. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली तेव्हा त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला तरी काय ठाऊक होतं?" त्यांनी ते आमची समजूत घालण्यासाठी म्हटले. परंतु तेव्हापासून कुठल्याही कामगाराला मंदपणाबद्दल मेमो मिळाला, की त्याला काही बोलण्याआधी आम्ही विचारतो, "थंडी जास्त वाजते का? गळ्याशी काही लागते का? रक्त कधी तपासले?" आमच्या संघटनेच्या अर्जाच्या नमुन्यात हे तीन प्रश्न आता छापलेले आहेत.